करिमाची फांदी

जळोचीत करिमाचं घर विचारलं, की सांगणारा माणूस आधी तुमच्या तोंडाकडे बघतो. तुमच्याकडे कुणी गेलंय की काय याचा अंदाज घेतो आणि मगच हात करून गल्ली दाखवतो. त्याचं काही चुकत नाही. करिमाकडे लोक दोनच कामांसाठी येतात. एक, घरात बाई मयत झाली म्हणजे. दुसरं, जिवंत बाईच्या डोक्यात कोंडा झाला, केस मूठ-मूठ गळायला लागले किंवा उन्हाळ्यात तळपायांची आग होऊन झोप उडाली म्हणजे. आणि दोन्ही कामांना करिमा एकच वस्तू बाहेर काढते, बोरीचा पाला.

मुसलमान घरात मयताला शेवटची अंघोळ घालतात, तिला गुस्ल म्हणतात. त्या पाण्यात बोरीचा पाला उकळायची रीत आहे. बाईला ही अंघोळ बाईनंच घालायची, आणि मनात कितीही माया असली तरी घरच्या बायकांना ऐन वेळी ते जमत नाही. मग करिमाला बोलावणं येतं. हे काम तिला सासूनं शिकवलं. गेली तीस वर्षं ती ते करते आहे, त्याचं कुणाकडून काही घेत नाही. केस सोडायचे, पाल्याच्या पाण्यानं धुवायचे, तीन वेण्या घालायच्या. मेलेल्या बाईला दुखत नाही हे काय करिमाला कळत नाही? तरी तिनं आजवर कुणाच्या केसांना हिसका दिलेला नाही.

जिवंत बायकांसाठी कृती थोडी वेगळी. पाला ताजा हवा, फार कोवळा नको आणि जूनही नको. पाट्यावर जाडसर वाटायचा, पातेल्यात पाणी घेऊन त्यात रवीनं घुसळायचा. जरा दम धरला की पांढरा दाट फेस वर येतो. तो डोक्याला लावला की कोंडा सुटतो आणि त्याच्या बुळबुळीतपणानं केसांचा गुंता बोटांनीच निघतो. तोच फेस तळपायांना चोळला की आग निवते. पाला वाटून गरम करून गळवावर बांधला की गळू पिकतं. पण गळवाबरोबर ताप आला, की करिमा पाटा उचलून ठेवते आणि सरळ दवाखान्याची वाट दाखवते. पाला हा पाला आहे, डॉक्टर नाही, असं ती आल्या-गेल्याला बजावते.

आता एवढी शहाणी बाई, पण तिचा एक नियम होता आणि तो अगदी वेडा होता. मयताला अंघोळ घातली की पुढचे चाळीस दिवस ती कुठल्याही जिवंत बाईच्या डोक्याला हात लावायची नाही. हा नियम ना कुठल्या किताबात, ना कुणा बुजुर्गानं सांगितलेला. झालं होतं ते असं. ऐन तारुण्यात ती एका नवरीचं डोकं धुवायला गेली होती. फेस हातावर घेतला आणि नवरीच्या मावशीनं तिचं मनगट धरलं. कालच एका म्हातारीला अंघोळ घातलीस ना, म्हणाली. करिमा भिजलेला पाला तसाच फडक्यात बांधून घरी आली. मशिदीतल्या मौलानांनी तिला समजावलं, की हात धुतले की हात पाक असतात, यात विटाळ-बिटाळ काही नाही. करिमानं मान डोलावली आणि घरी येऊन स्वतःला चाळीस दिवसांची शिक्षा लावून घेतली. चाळीसच का, ते तिलाही सांगता यायचं नाही. चाळीस म्हटलं की लोक पुढं विचारत नाहीत, एवढंच तिला ठाऊक होतं.

या नियमाला हसणारी बाई एकच होती, इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याची द्वारकाबाई. दोघींची ओळखही पाल्यामुळंच झाली. अठरा वर्षांपूर्वी, भर मे महिन्यात करिमाची सासू गेली. उन्हाळ्यात रानातल्या बोरी वाळून काड्या झालेल्या असतात, आणि बागेतल्या बोरींची तेव्हाच छाटणी होते; झाडं अशी भादरतात की पान औषधालाही मिळत नाही. जिनं करिमाला हे काम शिकवलं, तिच्याच अंघोळीच्या पाण्याला पाला मिळेना. कुणीतरी सांगितलं म्हणून ती दिराच्या मोटारसायकलवर बसून वरकुट्यापर्यंत गेली. तिथल्या बागाही बोडक्याच होत्या. फक्त रामहरी नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावरच्या जुन्या बोरीला एक फांदी हिरवी दिसली. तिच्यावर होल्याचं घरटं होतं, म्हणून रामहरींनी तेवढी फांदी छाटायची ठेवली होती.

कशाला पाहिजे, असं त्यांनी विचारलं. करिमानं खरं ते सांगितलं. रामहरींनी पायातल्या चपला बाजूला काढल्या, कोयता घेतला आणि घरट्याला धक्का लागणार नाही अशा बेतानं अर्धी फांदी उतरवून दिली. पुढच्या वर्षी होला आला नाही, पण फांदी तशीच राहिली. त्याच्या पुढच्या वर्षीही राहिली. घरात तिला करिमाची फांदी म्हणायला लागले.

चाळीस दिवसांनी करिमा आभार मानायला गेली, तेव्हा रामहरींची बायको द्वारकाबाई पायरीवर केस विंचरत बसली होती. केस गुडघ्यापर्यंत, आणि कंगव्याला कोंड्याचा थर. करिमाला राहवलं नाही. तिनं तिथंच पाटा मागून घेतला. त्या दिवसापासून महिन्या-दीड महिन्यानं करिमा एसटीनं वरकुट्याला जायची, द्वारकाअक्काचं डोकं धुवायची, तिच्या हातची शेंगोळी खायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायची. मधे कुणाचं गुस्ल झालं की फेरी लांबायची. त्यावर अक्का म्हणायची, की माझ्यापुरता तरी तुझा तो नेम सोड. करिमा सोडायची नाही. रामहरी गेले तेव्हाही ती अंगणात लांब बसून रडली, कारण तेव्हा तिचे सव्वीस दिवस झाले होते.

यंदा संक्रांतीच्या आधी करिमा डोकं धुऊन आली आणि पंधरा दिवसांत निरोप आला, की त्याच्या दुसऱ्याच दिवशी अक्का न्हाणीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, अकलूजला ऑपरेशन झालं. करिमा निघणारच होती. पण दोनच दिवसांपूर्वी तिनं शेजारच्या गल्लीत एका बाईला गुस्ल दिलं होतं. आजारी माणसाच्या उशाशी तर हे हात नकोतच, असं तिच्या मनानं घेतलं. चाळीस दिवस झाले की येते, असा तिनं उलट निरोप धाडला. चाळीस भरायला चार दिवस उरले असताना दुसरी बाई गेली. ते चाळीस भरायला दोन दिवस उरले असताना तिसरी. करिमा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून दिवस मोजत राहिली आणि तिकडे अक्का खाटेवर पडून राहिली. साडेतीन महिने गेले.

मेच्या पहिल्या शनिवारी फोन आला. फोनवर श्रेया होती, अक्काची नात, इंदापूरला कॉलेजात शिकणारी.

"करिमाआजी, आजीच्या डोक्यात जट झालीय. शेजारच्या फुलाबाई म्हणतात देवी आली. मंगळवारी आजीच्या हातात परडी द्यायचं ठरलंय. एकदा परडी घेतली की जट कधीच काढता येत नाही. तुम्ही या ना."

जट म्हणजे केसांचा गुंता होऊन त्यांची घट्ट दोरी वळते ती. आपल्याकडे ती दिसली, की कंगवा बाजूला राहतो आणि हळद-कुंकू पुढं येतं. जट कापली तर देवीचा कोप होतो, म्हणून जन्मभर बाया ते ओझं मानेवर वागवतात. परडी हातात घेतली, की बाई देवीची झाली, मग त्या केसांना कुणी हात लावायचा नाही.

करिमानं फोन ठेवला आणि कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिली. चोवीस दिवस झाले होते, सोळा उरले होते. आणि परडी मंगळवारी. मुलगा अल्ताफ म्हणाला, की देवाधर्माची बाब आहे, त्यातून दुसऱ्याच्या, उद्या काही उणं-अधिक झालं तर आपल्यावर येईल. त्याचंही बोलणं खोटं नव्हतं. करिमा खाली बसली. मग सून शबीना भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाली, "अम्मी, नियम तुम्हीच केला ना? मग मोडायला कुणाची परवानगी काढायचीय?"

रविवारी सकाळी अल्ताफनं मोटारसायकल काढली. करिमाच्या पिशवीत रवी होती, लाकडी कंगवा होता आणि पोती शिवायचा दाभण होता. पाला नव्हता. सावलीत वाळवून ठेवलेला सगळा पाला तीन गुस्लांत संपला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बोरीच्या बागा छाटून बोडक्या झाल्या होत्या. रामहरी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि छाटणी आता बाहेरची टोळी येऊन करायची. फांदीचा लोभ धरण्यात अर्थ नाही, असं ती वाटभर स्वतःला समजावत आली.

बांधावर बोर भादरलेली होती. पण पूर्वेच्या अंगाला एक फांदी हिरवीगार होती.

अक्काचा मुलगा दीपक तिथंच उभा होता. आबा ठेवायचे म्हणून ठेवली, छाटणारे हसत होते, असं त्यानं ओशाळून सांगितलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, की मावशी, मला हे परडीचं पटत नाही, पण आईला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? दीपक भला माणूस, पण भ्यालेला. करिमानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि फांदीचा पाला ओरबाडून ओटीत घेतला.

सोप्यात खाटेवर अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. गुडघ्यापर्यंतच्या त्या केसांची मानेशी नारळाएवढी गाठ झाली होती, आणि तिच्याखाली काथ्यासारखी घट्ट दोरी. वर हळदीकुंकवाचा लेप. ओझ्यानं मान एका बाजूला कलली होती आणि कानामागं कातडी लाल झाली होती. करिमानं हाक मारली. अक्कानं ऐकलं, हे तिच्या खांद्यावरून कळलं, पण ती वळली नाही. करिमाचा जीव तुटला. हे देवीचं काम नाही, आपल्या कॅलेंडरचं आहे, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं.

फुलाबाई उशाशीच बसलेली होती. ती काही वाईट बाई नव्हे. तिच्या सासूची जट कुणीतरी कापली होती आणि महिन्याच्या आत घरातलं लहान मूल दगावलं होतं. तेव्हापासून तिच्या पोटात भीती बसली होती ती बसलीच. तिनं दोन्ही हात आडवे केले आणि कात्री लावू देणार नाही म्हणाली. करिमा तिच्याशी भांडली नाही. तिच्यासमोर बसून तिनं पिशवी उलटी करून दाखवली.

"फुलाबाई, कात्री न्हाय माझ्यापाशी. एक केस कापनार न्हाय. नुसता पाला लावून बोटानं सोडवनार. देवीची जट असंल तर माझ्यासारखीच्या हातानं ती सुटल का? सुटायची न्हाय, मी गप घरी जाईन. सुटली तर समजा गुंता व्हता."

फुलाबाईनं बराच वेळ विचार केला. यात देवीचा अपमान कुठं होतो, ते तिला सापडेना. शेवटी तिनं हात खाली घेतले, पण जागची हलली नाही. राखणीला म्हणून दोन्ही दिवस तिथंच बसून राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तर स्वतःच रवी फिरवायला लागली.

करिमानं फेस काढला. अक्काचं डोकं खाटेच्या कडेला आणून खाली घमेलं ठेवलं आणि गाठीत फेस जिरवायला सुरुवात केली. पहिल्या घटकेला नुसती हळद सुटली. दुपारपर्यंत गाठ वरवर मऊ झाली. शेंड्याकडून चार-चार केस बाजूला काढायचे, फेस सोडायचा, दाभणाचं बोथट टोक घालून फट करायची, पुन्हा फेस. घाई केली की केस तुटतो आणि अक्काच्या खांद्याला झटका बसतो. करिमा घाई करत नव्हती. श्रेया पाला वाटून देत होती. संध्याकाळपर्यंत दोरीची वीतभर लांबी मोकळी झाली आणि करिमाची बोटं सुजली. त्या दिवशी अल्ताफ एकटाच परतला. अक्का दिवसभरात एक शब्द बोलली नव्हती.

सोमवारी ऊन चढेपर्यंत दोरी सुटली, आता उरली मानेजवळची गाठ. ती दगडासारखी होती. जेवणवेळ टळून गेली, दीपकच्या बायकोनं दोनदा चहा आणून ठेवला, तो निवला. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं तेव्हा गाठीच्या अगदी पोटात करिमाच्या बोटाला काहीतरी टोचलं. तिला वाटलं, पिन असेल. हळूच ओढून तळहातावर घेतलं.

ते बोरीचं पान होतं. वाळून तपकिरी झालेलं, तीन शिरा स्पष्ट दिसणारं अर्धं पान. वाटताना पाट्यावरून निसटलेलं आणि धुताना केसांत राहून गेलेलं. संक्रांतीच्या आधीच्या धुण्यातलं, करिमाच्याच हातचं.

म्हणजे त्यानंतर या केसांतून कुणाचा कंगवाच फिरला नव्हता. करिमानं दीपकच्या बायकोकडे पाहिलं. ती बिचारी कसनुशी झाली. आपण रोज विंचरायला जायचो, पण सासूबाई हात लावू द्यायच्या नाहीत, असं तिनं सांगितलं. तेव्हा अक्का दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली. भिंतीकडे बघतच बोलली.

"सुनंला म्हनलं, ऱ्हाऊ दे. करिमा यील, ती बगंल."

मग अक्का म्हणाली, "रोज वाट बगितली. मग फुलाबाई म्हनली, देवी आलीया. म्हनलं, असंल बाई. करिमा तर आली न्हाय, देवी तरी आली."

करिमाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. हात फेसात बुडालेले, पुसायची सोय नव्हती. तिनं सगळं सांगितलं, तिन्ही गुस्लं, तिन्ही चाळीस दिवस, आजाऱ्याच्या उशाशी हे हात नकोत म्हणून घरी बसून काढलेले साडेतीन महिने. अक्का ऐकत राहिली. मग तिनं कष्टानं मान वळवली. मान वळत होती, हे तिच्याही तेव्हाच ध्यानात आलं.

"म्हंजी मी मेल्यावरच येनार व्हतीस व्हय गं?" ती म्हणाली. "तवा तुज्या हाताचा मला काय उपेग? ह्यो हात मला जित्तेपनी पायजे."

फुलाबाई पदरानं डोळे पुसायला लागली. पुढचं काम दोघींनी मिळून केलं. दिवेलागणीच्या आधी शेवटचा पेड सुटला. बरेच केस गळाले, पण उरले तेही कमरेपर्यंत आले. करिमानं त्यांतून लाकडी कंगवा वरपासून खालपर्यंत नेला, तो कुठं अडला नाही. अक्कानं डोळे मिटले आणि मान सरळ ठेवून झोपली.

मंगळवारी परडी आली नाही. देवीला नारळ मात्र फोडला, तो फुलाबाईनंच फोडला. गुंता सोडवला म्हणून देवी रागावली असती तर नारळ नासका निघाला असता, असं तिनं सगळ्यांना ऐकवलं. नारळ गोड निघाला. खोबरं वाटून झाल्यावर तिनं करिमाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की आपल्याही डोक्याला फार खाज सुटते, त्याला काही आहे का. फांदीला अजून थोडा पाला शिल्लक होता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी सोमेश्वरनगरला एक बाई गेली. बोलावणं आलं आणि करिमा गेली. केस सोडले, पाल्याच्या पाण्यानं धुतले, तीन वेण्या घातल्या. घरी येऊन अंघोळ केली. सवयीनं कॅलेंडरपाशी गेली, खिळ्यावरची पेन्सिल हातात घेतली आणि तशीच परत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वरकुट्याच्या एसटीत बसली.

अक्का आता काठी धरून सोप्यात येऊन बसत होती. करिमानं पिशवीतून रवी काढली आणि तिच्यासमोर उभी राहिली. आल्या आल्या सांगून टाकायचं ठरवलं होतं, पण ती रवीच हातात फिरवत राहिली. अक्कानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि ओळखलं.

"किती दीस झालं?" तिनं विचारलं.

"कालच," करिमा म्हणाली.

अक्कानं काठी भिंतीला टेकवली, अंबाडा सोडला आणि केस पुढं घेऊन मान खाली घातली.

"मग पानी जरा कोमट घे," ती म्हणाली.